वेधशाळेचा वाढदिवस आणि आपल्या वर्गातला हवामान तक्ता



परवा परिपाठात मी मुलांना एक शब्द फळ्यावर लिहून दिला. शतकोत्तर रौप्यमहोत्सव. चौथीच्या मुलांना तो एका दमात वाचताही येईना. मग आम्ही त्याची फोड केली. २५ वर्षांचा रौप्यमहोत्सव, ५० चा सुवर्ण, ६० चा हीरक, ७५ चा अमृत, १०० वर्षांची शताब्दी. आणि शंभरावर पुन्हा पंचवीस झाले की शतकोत्तर रौप्य. म्हणजे १२५. आपल्याकडे कितीतरी जिल्हा परिषद शाळांच्या कमानीवर हा शब्द दिसतो. पण आज मी तुम्हाला शाळेचा नाही, तर एका वेधशाळेचा शतकोत्तर रौप्यमहोत्सव सांगणार आहे. आणि त्या निमित्ताने माझ्याच वर्गात माझ्याकडून झालेली एक चूकही.

कोणती वेधशाळा?

तमिळनाडूत पळणी डोंगररांगेत कोडाईकनाल नावाचं थंड हवेचं ठिकाण आहे. सहलीसाठी आपल्यापैकी काहीजण गेलेही असतील. तिथे समुद्रसपाटीपासून सुमारे २३४३ मीटर उंचीवर सूर्याचा अभ्यास करणारी वेधशाळा आहे. उंचीचा अंदाज यावा म्हणून मुलांना सांगा, आपलं कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर आणखी सातशे मीटर चढायचं! एवढ्या उंचीवर खालची धूळ आणि गढूळ हवा कमी त्रास देते, म्हणून ही जागा निवडली.

१ एप्रिल १८९९ हा या वेधशाळेचा स्थापनादिन मानला जातो. (हे सांगितल्यावर माझ्या वर्गात "एप्रिल फूल!" असा एकच गलका झाला. तुमच्याही होईल.) १ एप्रिल २०२४ ला तिला १२५ वर्षे पूर्ण झाली. सध्या ही वेधशाळा बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेकडे आहे. या संस्थेने तो दिवस साजरा केला. इस्रोचे माजी अध्यक्ष आणि या संस्थेच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष ए. एस. किरणकुमार कार्यक्रमाला होते.

जगात यापेक्षा जुन्या वेधशाळा आहेत. पॅरिसची १६६७ सालची, इंग्लंडमधल्या ग्रिनिचची १६७५ ची. ग्रिनिचला २०२५ मध्ये ३५० वर्षे झाली. त्यांच्यापुढे १२५ म्हणजे धाकटं भावंडं. मग कोडाईकनालचं वेगळेपण काय? तर तिथली सूर्याच्या फोटोंची वही. ती कशी सुरू झाली ते आधी पाहू.

दुष्काळातून निघालेला प्रश्न

इसवी सन १८७६ ते १८७८ या काळात दक्षिण भारतात भयंकर दुष्काळ पडला. मद्रास इलाख्याला त्याचा फार मोठा फटका बसला, आणि आपल्या मुंबई इलाख्यातल्या सोलापूर, अहमदनगर भागालाही. लाखो माणसं अन्नावाचून आणि रोगराईने गेली. पाऊस का पडला नाही? तो पडणार की नाही हे आधी कळलं असतं तर? असे प्रश्न सरकारदरबारीही विचारले जाऊ लागले.

त्या काळी काही शास्त्रज्ञांना वाटत होतं की पावसाचं मूळ सूर्यात शोधलं पाहिजे. पृथ्वीला तापवतो सूर्य, तापल्यामुळे वारे वाहतात, वाऱ्यांमुळे पाऊस येतो. सूर्यावर काळे डाग दिसतात, त्यांची संख्या कमी-जास्त होते. मग डाग आणि पाऊस यांचं काही नातं असेल का? हे शोधायचं तर सूर्याकडे रोज आणि नीट पाहणारी वेधशाळा हवी. मद्रासमध्ये १७९२ पासून ईस्ट इंडिया कंपनीची वेधशाळा होतीच. तिथले चार्ल्स मिची स्मिथ यांनी डोंगरावरची जागा पाहिली आणि कोडाईकनालची वेधशाळा उभी राहिली. मद्रासचं खगोलाचं काम पुढे तिथेच गेलं.

आता मुलं हमखास विचारतील, "मग बाई, सापडलं का उत्तर?"

खरं उत्तर द्या. डाग मोजून पुढच्या वर्षीचा पाऊस सांगता येईल, ही आशा काही पूर्ण झाली नाही. पावसाचे धागे पुढे समुद्राच्या तापमानात आणि हवेच्या दाबात जास्त सापडले. भारतीय हवामान खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत ते काम केलं. पण म्हणून वेधशाळा वाया गेली का? नाही. प्रश्न एक घेऊन निघाले आणि उत्तरं दुसऱ्याच प्रश्नांची सापडली. विज्ञानात असं पुष्कळदा होतं, आणि हे मुलांना कळणं मला गरजेचं वाटतं. आपल्या पाठ्यपुस्तकात शोध नेहमी सरळ रस्त्याने लागलेले दिसतात.

पुण्याची दुर्बीण कोडाईला कशी गेली?

इथे आपल्या महाराष्ट्राचा एक धागा आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये (म्हणजे आजच्या सीओईपीत) कावसजी दादाभाई नायगमवाला नावाचे प्राध्यापक होते. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी दिलेल्या देणगीतून त्यांनी १८८८ च्या सुमारास पुण्यात वेधशाळा उभी केली. तिचं नावच महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा. तिथे २० इंच व्यासाच्या आरशाची मोठी दुर्बीण होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला नायगमवाला आपली साधनं घेऊन सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले होते आणि त्यांनी तिथून ग्रहणाचे वेध घेतले. पुणे-सोलापूर रेल्वेने जाताना जेऊर स्टेशन लागलं की मुलांना ही गोष्ट जरूर सांगा.

१९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि साधनं कोडाईकनालला पाठवली गेली. एक माणूस निवृत्त झाला आणि काम थांबलं! आपल्या शाळांमध्येही असंच घडतं ना? उत्साही गुरुजींची बदली होते आणि त्यांनी सुरू केलेली बाग वाळून जाते. कोडाईकनालला माणसं बदलत गेली पण काम चालू राहिलं. मला वाटतं, १२५ वर्षांचा सोहळा खरं तर याचा आहे.

रोज एक फोटो

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून कोडाईकनालला सूर्याचे नियमित फोटो काढले जात आहेत. सुरुवातीला काचेच्या तुकड्यावर रसायनाचा लेप देऊन, मग फिल्मवर, आता संगणकाच्या कॅमेऱ्याने. नुसत्या पांढऱ्या उजेडातले फोटो वेगळे. कॅल्शियम आणि हायड्रोजन या मूलद्रव्यांच्या ठरावीक रंगाच्या उजेडातले वेगळे. फक्त तेवढाच रंग घेतला की सूर्याच्या पृष्ठभागाच्या थोडं वरचा थर दिसतो. असे लाखाहून जास्त जुने फोटो आता संगणकावर उतरवून घेतले आहेत आणि जगभरचे अभ्यासक ते वापरतात. साधे डागांचे फोटो काढणारी ६ इंची भिंगाची दुर्बीण तर वेधशाळेपेक्षाही जुनी, १८५० च्या सुमाराची आहे.

सूर्यावरचे डाग म्हणजे काय हेही थोडक्यात सांगते. सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५५०० अंश सेल्सिअस तापलेला असतो. डागाच्या जागी चुंबकीय बल फार जोरदार असतं, त्यामुळे आतली उष्णता वर यायला अडते. म्हणून ती जागा दीड-दोन हजार अंशांनी थंड राहते आणि आजूबाजूच्या झगमगाटात काळी दिसते. "थंड" म्हटलं तरी लोखंड वितळवून उकळवील एवढी!

या डागांची संख्या साधारण ११ वर्षांच्या फेऱ्यात वाढते आणि कमी होते. आता एक छोटं गणित. १२५ ला ११ ने भागा. भागाकार ११, बाकी ४. म्हणजे सव्वाशे वर्षांत असे फेरे पूर्ण किती, तर अकराच. मुलांना हे आधी पटत नाही. एवढी वर्षं आणि फक्त अकरा? पण म्हणूनच नोंद लांब हवी. पाच वर्षं पाहून सोडून दिलं असतं तर अर्धा फेराही हाती लागला नसता.

हा फेरा सापडला तोही चिकाटीमुळेच. जर्मनीत हाइनरिक श्वाबे नावाचा औषधविक्रेता होता. सूर्याच्या अगदी जवळ एखादा नवा ग्रह सापडतो का हे पाहण्यासाठी तो १८२६ पासून सूर्याचे डाग नोंदवत बसला. ग्रह काही सापडला नाही. पण सतरा-अठरा वर्षांच्या नोंदी समोर ठेवल्यावर डाग ठरावीक काळाने कमी-जास्त होतात हे त्याच्या लक्षात आलं.

कोडाईकनालचा सर्वांत गाजलेला शोध १९०९ सालच्या जानेवारीतला. जॉन एव्हरशेड यांनी डागाजवळच्या उजेडाचा वर्णपट तपासला. त्यातल्या रेषा आपल्या जागेवरून किंचित सरकलेल्या दिसल्या. रुग्णवाहिका जवळ येताना तिचा भोंगा चढा ऐकू येतो आणि दूर जाताना उतरतो, तसंच उजेडाचंही होतं. रेषांच्या सरकण्यावरून एव्हरशेड यांनी ओळखलं की डागाच्या कडेच्या फिकट भागात वायू आतून बाहेर वाहतो आहे, सेकंदाला साधारण दोन किलोमीटर वेगाने. आजही याला एव्हरशेड परिणाम म्हणतात. त्यांच्या पत्नी मेरी एव्हरशेड याही अभ्यासक होत्या. सूर्याच्या कडेवर उसळणाऱ्या ज्वाळांचा त्यांनी तिथेच अभ्यास केला.

जुनी नोंद कधी कामाला येईल सांगता येत नाही

यासाठी मी मुलांना मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचं उदाहरण देते. तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी ठेवत. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरच्या मोठ्या स्फोटामुळे पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झालं. युरोप-अमेरिकेत तारायंत्रं बिघडली. त्या दिवशी कुलाब्यालाही कुणीतरी नेहमीसारखं काट्याचं वाचन घेऊन वहीत लिहिलं. ती वही पडून राहिली. २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच आकड्यांवरून ते वादळ किती मोठं होतं याचा अंदाज बांधला. जवळपास १४४ वर्षांनी!

आज हे जास्तच महत्त्वाचं आहे, कारण आता नुसती तारायंत्रं नाहीत. उपग्रह आहेत, विजेच्या लांब वाहिन्या आहेत. तसं वादळ पुन्हा आलं तर काय होईल, हा अभ्यास करताना कुलाब्याच्या त्या वहीचा आधार घेतात. आपल्या आदित्य एल-१ या यानावरचं सूर्याचा प्रभामंडल पाहणारं मुख्य उपकरण, कोडाईकनाल चालवणाऱ्या खगोलभौतिकी संस्थेनेच तयार केलं आहे. हे यान २ सप्टेंबर २०२३ ला निघालं आणि ६ जानेवारी २०२४ ला ठरलेल्या जागी पोहोचलं. काचेच्या फोटोपासून यानापर्यंतचा हा एकच रस्ता आहे.

आता माझी चूक

आमच्या वर्गात भिंतीवर हवामान तक्ता आहे. रोज एक मूल बाहेर जाऊन आकाश बघतं आणि निरभ्र, ढगाळ, पाऊस, धुकं यांपैकी चित्र चिकटवतं. तुमच्याही वर्गात असेल. गेल्या वर्षी साहेबांची शाळाभेट ठरली. आदल्या दिवशी मी तक्ता पाहिला तर मधे नऊ-दहा रकाने रिकामे. कधी मी प्रशिक्षणाला गेले होते, कधी मुलं विसरली होती. मी घाईघाईत म्हटलं, "भरा रे पटापट. निरभ्र लावून टाका, थंडीचेच दिवस होते."

मुलं कामाला लागली. एक मुलगी मात्र चित्र हातात धरून तशीच उभी. म्हणाली, "पण बाई, त्या दिवशी आपण बघितलंच नव्हतं ना?"

मी काय बोलणार? तिला म्हटलं, "लाव गं, उद्या साहेब येणार आहेत." तिने लावलं. साहेब आले, तक्ता छान आहे म्हणाले, गेले. मला मात्र त्या रात्री झोप नीट लागली नाही. ज्या तक्त्यातून मी मुलांना निरीक्षण शिकवत होते, त्याच तक्त्यातून मी त्यांना खोटं लिहायला शिकवलं होतं. आणि तेही कौतुकासाठी!

कोडाईकनालची माहिती मी त्यानंतर वाचली. तिथेही पावसाळ्यात ढग येतात आणि सूर्य दिसत नाही. अशा दिवसांचा फोटो नसतो. जागा रिकामी राहते. अभ्यासकांना ती रिकामी जागाही चालते, दुसऱ्या वेधशाळेच्या नोंदीवरून ते ती भरून काढायचा प्रयत्न करतात. पण अंदाजाने रंगवलेला एक जरी दिवस सापडला, तर उरलेल्या सगळ्या दिवसांवरचा विश्वास जाईल.

दुसऱ्या आठवड्यात मी मुलांसमोर चूक कबूल केली. आम्ही ती खोटी चित्रं काढून टाकली आणि त्या जागी एक नवी खूण ठरवली. रिकामं वर्तुळ, म्हणजे "पाहिलं नाही". ही खूण सुचवली त्याच मुलीने. आता आमच्या तक्त्यात अशी बरीच वर्तुळं आहेत. पण तो तक्ता आता खरा आहे.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

१. सावलीची वही : मोकळ्या जागी एक मीटर उंचीची काठी सरळ रोवा. आठवड्यातून एकदा दुपारी सव्वाबारा ते पाऊण या वेळात दर पाच मिनिटांनी सावली मोजा आणि सर्वांत आखूड माप लिहा. पुण्याच्या आसपास २२ डिसेंबरला ते साधारण ९० सेंमी येतं आणि २१ मार्चला साधारण ३३ सेंमी. मे महिन्यात महाराष्ट्रात एक दिवस असा येतो की सावली काठीच्या पायाशीच राहते. तो शून्य सावली दिवस. तेव्हा शाळेला सुट्टी असते, म्हणून पालकहो, हे काम तुमच्याकडे!

२. आरशातून सूर्य : छोट्या आरशावर कागद चिकटवा आणि कागदाला मधे अर्धा सेंमीचं गोल भोक ठेवा. या आरशाने उन्हाचा कवडसा अंधाऱ्या खोलीतल्या भिंतीवर पाडा. भिंत दहा मीटर लांब असेल तर सुमारे ९ सेंमीचं गोल सूर्यबिंब दिसेल. भोक चौकोनी केलं तरी बिंब गोलच येतं. का, ते मुलांना शोधू द्या. यात डाग दिसतील असं मात्र सांगू नका, बिंब तेवढं स्पष्ट नसतं. समोरून जाणारा ढग आणि ग्रहण छान दिसतं.

अत्यंत महत्त्वाचं : सूर्याकडे थेट पाहू देऊ नका. साध्या डोळ्यांनी नाही, गॉगलमधून नाही, एक्स-रेच्या फिल्ममधून नाही आणि दुर्बिणीतून तर मुळीच नाही. आरशाचा कवडसा कुणाच्या डोळ्यांवर जाऊ देऊ नका.

३. नोंद पुढे द्या : वर्ष संपलं की वही पुढच्या वर्गाच्या हाती द्या. पहिल्या पानावर नोंद करणाऱ्या मुलांची नावं लिहा. बदली झाली तर वही शाळेतच ठेवा.

कोडाईला सहलीला गेलात तर तळं आणि गुलाबबागेबरोबर वेधशाळेचं संग्रहालयही मुलांना दाखवा. तिथे सूर्याची थेट प्रतिमा आणि त्याचा वर्णपट पाहायला मिळतो.

विज्ञान दिनाला आपण रांगोळ्या काढतो, भाषणं घेतो. ते करूच. पण त्या दिवशी सावलीच्या वहीचाही वाढदिवस साजरा करू या. पहिल्या वर्षी एक मेणबत्ती, दुसऱ्या वर्षी दोन. आमची वही यंदा पहिल्या वर्षात आहे. चोवीस नोंदी झाल्यात, आणि सात रिकामी वर्तुळं.